जहाजं, देव आणि अकरावी-बी

मीनल मला नेहमी म्हणते, “नसीमा, तू शाळेत शिकवायला जातेस की किस्से गोळा करायला?”

गोळा कुठे करते! ते आपोआप बसतात, बाल्कनीतल्या धुळीसारखे. सकाळी पुसून घ्यावं आणि दुपारी शाळेतून यावं, तर बोटानं नाव लिहिता येईल एवढा थर पुन्हा तयार! दुबईत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. एकोणीस वर्षं इथल्या शाळांमधून शिकवतेय, म्हणजे थर केवढा झाला असेल बघा.

पूर्वी माझे किस्से हुकमी असायचे. शनिवारी अल बर्शाला मीनलकडे आम्ही चार-पाच मराठी घरं जमायचो. जेवणं उरकली की कुणीतरी म्हणायचं, “नसीमा, यल्ला, होऊन जाऊ दे!” मग सहावीतल्या पोरांचे ग्रामरचे घोळ, पालकांचे तिरसट ई-मेल, स्पोर्ट्स डेची फजिती. लोक पोट धरधरून हसायचे.

पण गेल्या वर्षीच्या अकरावी-बीचे किस्से सांगायला लागले की काहीतरी वेगळंच होतं. हसणं सुरू होतं, आणि मध्येच कुणीतरी उठून चहा ठेवायला जातं.

तरी सांगते. मनात ठेवून तरी काय करू?

* * *

मुळात अकरावी-बी माझ्याकडे यायलाच नको होती.

आमची शाळा अल कुसैसला. अभ्यासक्रम अमेरिकन, पण मुलं भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स, सुदान अशी सगळीकडची, आणि एखाद-दुसरा इथलाच. खराखुरा अमेरिकन म्हणावा असा एकच प्राणी स्टाफरूममध्ये होता, मिस्टर डॅन. तो अकरावीला इंग्लिश शिकवायचा. ऑक्टोबरच्या सुट्टीत घरी गेला तो परत आलाच नाही. मेलला उत्तर नाही, फोन बंद. सिंकमध्ये त्याचा कॉफीचा मग तसाच पडलेला. खलास!

आमचे डिपार्टमेंटचे हेड मिस्टर कॉलिन. आयरिश, साठीला आलेले, कायम थकलेले. त्यांनी मला बोलावलं. “नसीमा, अकरावी-बी तू घे.”

“सर, त्यांना सुरुवातीचं अमेरिकन साहित्य आहे. जहाजातून तिकडे उतरलेल्या लोकांच्या डायऱ्या, जुनी प्रवचनं, पत्रं. मी आयुष्यभर सहावीला क्रियापदं शिकवली!”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “तू समुद्रकाठच्या गावची ना?”

“हो.”

“घरातली माणसं जहाजावर?”

“अब्बा होते. दोन्ही चाचा होते.”

“आणि प्रार्थना?”

“पाच वेळा. म्हणजे, जमेल तेवढी.”

“मग झालं की!” त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. “सगळा सिलॅबस एवढाच आहे. जहाजं आणि देव. अधूनमधून माणसं मरतात.”

* * *

पहिलाच धडा होता पहिल्या हिवाळ्याचा. जहाजातून उतरलेले लोक, अनोळखी किनारा, घरं नाहीत, अन्न नाही, आणि वसंत येईपर्यंत निम्मी माणसं गेलेली. मेलेली माणसं ते गुपचूप पुरायचे, म्हणजे आपण किती कमी उरलोय हे बाहेर कुणाला कळू नये.

मी हे जीव तोडून शिकवतेय आणि समोर चोवीस चेहरे, कोरे. त्यांचा तरी काय दोष? यांचा हिवाळा म्हणजे पार्कात बार्बेक्यू करायचा सीझन!

मग मी होमवर्क दिला. घरातलं जे माणूस सगळ्यात आधी या देशात आलं, त्याला त्याच्या पहिल्या वर्षाबद्दल विचारून या.

दुसऱ्या दिवशी वर्ग एकदम जिवंत झाला. जॉइस नावाची एक फिलिपिनो मुलगी आहे, गोड आणि आगाऊ. तिची आई पहिलं वर्षभर सहा बायकांच्या खोलीत बंकच्या वरच्या पलंगावर झोपत होती. उठून बसलं की डोकं छताला! कुणाचे वडील उन्हात चालत इंटरव्ह्यूला गेले, तर बुटाचा सोल वितळून डांबराला चिकटला. पोरं हसत होती.

मग उठला अरहान पारकर. आमच्याच कोकणातला, पण जन्म दुबईचा. वडील एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन. मुलगा शांत, अक्षर सुंदर. ही मुलं सगळी इंग्लिशमध्येच बोलतात, मी तुम्हाला मराठीत सांगतेय.

अरहाननं रत्नागिरीला आजोबांना फोन लावला होता. आजोबा पूर्वी लाँचमधून आले होते, कागदपत्रं काही नाहीत. किनारा दिसायला लागला तसं लाँचवाल्यानं सगळ्यांना पाण्यातच उतरवलं आणि म्हणाला, चाला.

“मी विचारलं, किती जण होतात? ते म्हणाले, अकरा,” अरहान वहीतून वाचत होता. “मी विचारलं, किनाऱ्याला किती पोचलात? ते म्हणाले, संध्याकाळ झाली, मगरिबची अजान होतेय, ठेवतो.”

त्यानं वही मिटली.

“मिस, तिकडे तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.”

* * *

नोव्हेंबरमध्ये प्रवचनं आली. त्या काळचे धर्मगुरू लोकांना भीती घालण्यात पटाईत. नरकाचं असं वर्णन करायचे, की ऐकणारे बाकं घट्ट धरून बसत म्हणे.

मी विचारलं, “असं कुणी आपल्याशी आज बोलतं का?”

सायली शिंदेचा हात वर. “मिस, माझे बाबा! रोज सकाळी!”

तिचे बाबा मुसफ्फाला, अबू धाबीच्या इंडस्ट्रियल एरियात, एका फॅब्रिकेशन यार्डमध्ये सेफ्टी ऑफिसर. आठवडाभर तिकडेच कंपनीच्या खोलीत राहायचं, वीकेंडला कुसैसला घरी. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या कामगारांना उभं करून रोज दहा मिनिटं सांगायचं, बेल्ट लावा, पाणी प्या, वर बघा. एकदा सुट्टीत ते सायलीला यार्ड दाखवायला घेऊन गेले होते. तिथे तिनं ते ऐकलं होतं.

“करून दाखव,” मी म्हणाले.

ती खुर्चीवर चढली. कमरेवर हात ठेवून भसाड्या आवाजात सुरू झाली, “भाईलोग! ऊपर चढ़ा और बेल्ट नहीं लगाया, तो सीधा और ऊपर! फिर घर पे फोन कौन करेगा? मैं करेगा! मेरे को फोन करना पसंद नहीं है!”

वर्ग हसून लोटपोट. शेजारच्या वर्गातली मिस बघायला आली. मी सायलीला पैकीच्या पैकी मार्क दिले.

दोन आठवड्यांनी पेरेंट्स मीटिंग. शिंदे मुसफ्फाहून थेट आले होते, अंगावर कंपनीचा शर्ट, बुटांवर पांढरी धूळ. मी म्हटलं, “तुमच्या मुलीनं तुमची काय नक्कल केली, दादा! आम्ही सगळे हसून हसून मेलो.”

ते हसले. “हो, सांगितलं तिनं मला. फोन करना पसंद नहीं है!”

“हो, हो, तेच!”

मग ते खुर्चीत जरा पुढे सरकले. आवाज खाली आणला. “मॅडम, मागच्या महिन्यात एक माणूस गेला आमच्याकडे. बेल्ट होता, लावला नव्हता. सकाळी माझ्या पुढ्यात उभा होता, मान हलवत होता. नऊ वाजता पडला. घरी फोन मीच केला. त्याची बायको मला सारखी विचारत होती, आप कौन, आप कौन?”

मी विचारलं, “सायलीला माहीत आहे?”

“नाही, नाही! तिला कशाला?” त्यांनी सायलीचा रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला. “ती चांगली करते नक्कल. करू दे.”

* * *

वर्गात एकच इमिराती, म्हणजे मूळचा इथलाच, मुलगा होता, हमद. मागच्या बाकावर बसायचा, हात कधी वर करायचा नाही, पण सगळं ऐकायचा.

एकदा धडा होता तिथल्या मूळ लोकांचा. उपाशी मरायला टेकलेल्या पाहुण्यांना त्यांनी मका पेरायला शिकवला, वगैरे. हे वाचता वाचता सगळा वर्ग हळूहळू मागे वळून हमदकडे बघायला लागला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “काय बघताय? मी कुणाला मका देणार नाहीये!”

काय हशा पिकला! हमदही हसला. मी विषय बदलणार, तेवढ्यात तो पुन्हा बोलला. एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

“माझी आजी सांगते, तिच्या लहानपणी तुमच्याकडचे व्यापारी यायचे ना, त्यांना आमची भाषा यायची. आता ती फार्मसीत जाते तेव्हा हिंदी बोलते. ती टीव्हीवरच्या मालिका बघून शिकली.”

“अरे वा! छान बोलते?” जॉइसनं विचारलं.

“एकदम मस्त,” हमद म्हणाला. “फक्त घरी कुणाला कळत नाही. आता आजारी आहे. झोपेत हिंदी बोलते.”

* * *

पुढे आला राजाविरुद्धच्या तक्रारींचा धडा. तिकडच्या लोकांनी एक दिवस राजाला कळवून टाकलं, की बस झालं, आणि आमच्या तक्रारी अशा-अशा, एक, दोन, तीन. मी मुलांना सांगितलं, तुमच्या घरच्या सरकारविरुद्ध तक्रारींची यादी लिहा. मुद्देसूद, नंबर घालून.

अहाहा! काय एकेक यादी! “आई माझ्या फोनचा पासवर्ड मागते आणि स्वतःचा देत नाही.” “बाबा गाडीत फक्त त्यांचीच गाणी लावतात.” “चुलतभावाचे मार्क आमच्या फ्रिजवर लावले आहेत!” मी वाचत होते आणि एकटीच हसत होते.

मग हातात हिबाचा कागद आला. हिबा सुदानची. वडील इथं अकाउंटंट, आई घरी. कागदावर तीनच ओळी होत्या.

एक. माझी आई प्रत्येक वस्तूचा खोका जपून ठेवते, टीव्हीचा, मिक्सरचा, इस्त्रीचासुद्धा, कारण आपल्याला एक दिवस परत आपल्या घरी जायचं आहे.

दोन. युद्धात ते घर गेलं.

तीन. खोके अजून आहेत.

मी त्याला मार्क दिले नाहीत. काय द्यायचे?

घरी आल्यावर मी इक्बालला, माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं. तो चहा पीत होता. मग आम्ही दोघांनी एकदमच मान वर करून आमच्या कपाटावर बघितलं. एअर फ्रायर, मिक्सर, जुना वायफायचा राउटर. थेट छतापर्यंत. सगळ्यात खाली एका टू-इन-वनचा खोका. तो टू-इन-वन बंद पडून मी टाकून दिला, त्यालाच दहा वर्षं झाली असतील.

“काढू या का?” मी विचारलं.

इक्बालनं चहाचा कप खाली ठेवला.

“राहू दे,” म्हणाला. “काय खायला मागतायत?”

* * *

हा पुढचा किस्सा मी मीनलकडे कधी सांगितला नाही.

फेब्रुवारीत मुलांना प्रोजेक्ट होतं, जुन्या थडग्यांवरचे लेख. तिकडच्या त्या पहिल्या वस्त्यांमध्ये दगडावर कवटी कोरायचे, कवटीला पंख, आणि खाली दोन-चार ओळी. इथं झोपला आहे अमका-तमका, वगैरे. मुलांनी थर्माकोलचे दगड करायचे ठरवलं. थर्माकोल मीच आणला, पस्तीस दिरहॅमचा, म्हणजे आपले आठशे रुपये, नुसत्या थर्माकोलला! वर्गभर पांढरे कण उडत होते, बर्फ पडल्यासारखे.

जॉइस कवटीला पापण्या काढत होती. मध्येच म्हणाली, “मिस, आपल्यापैकी कुणी इथं पुरलेलं आहे का?”

“इथं म्हणजे?”

“इथं. या देशात. कुणाच्या घरचं?”

मुलं विचार करायला लागली. सायली म्हणाली, त्यांच्या बिल्डिंगमधले एक काका गेले, त्यांना गावी पाठवलं. आणखी एक जण म्हणाला, आमच्या मामालाही. कुणालाच असं माणूस आठवेना. सगळे परत गेलेले.

अरहान शांतपणे म्हणाला, “वी कम इकॉनॉमी, वी गो कार्गो.”

हसले सगळे. मीपण हसले. जॉइसनं पुन्हा ब्रश उचलला. “म्हणजे कुणीच नाही.”

“माझी मुलगी आहे,” मी म्हणाले.

का म्हणाले, मला अजून माहीत नाही. स्टाफरूममध्ये कुणाला माहीत नव्हतं. माझ्या धाकट्या मुलाला माहीत नाही.

“इथल्याच कब्रस्तानात. शाळेपासून गाडीनं दहा मिनिटं. एक दिवसाची होती.”

सायलीनं खाली मान घातली. जॉइस रडायच्या बेतात. मी म्हणणार होते, चला, काम करा, बेल व्हायला आली. तेवढ्यात मागच्या बाकावरून हमदचा हात वर आला.

“मिस, दगडावर काय लिहिलंय?”

“काही नाही,” मी म्हणाले. “नुसता नंबर आहे.”

“नंबर काय?”

माझ्या गाडीचा नंबर मला आजही पार्किंगमध्ये इक्बालला फोन करून विचारावा लागतो. तो नंबर मात्र मी एका दमात सांगितला.

* * *

मार्च उजाडेपर्यंत चोवीसचे सतरा झाले होते. आमच्याकडे हे असं चालतं. सोमवारी एक बाक रिकामं दिसतं. विचारलं तर शेजारचा मुलगा म्हणतो, “मिस, व्हिसा कॅन्सल झाला.” वर्ग दोन मिनिटं गप्प, मग पान नंबर अमुक काढा.

आठवा गेला तो अरहान. म्हणजे आता उरले सोळा.

वडिलांच्या कंपनीनं आख्खं ड्रॉइंग डिपार्टमेंट बंद केलं. वीस-बावीस वर्षांची नोकरी, महिन्याची नोटीस. शेवटच्या दिवशी अरहान स्टाफरूमच्या दाराशी आला. हातात पुस्तकं परत करायला आणलेली, सगळ्यांना कव्हरं घातलेली.

“मिस, सगळे म्हणतायत, घरी परत चाललास, नशीबवान आहेस.”

“मग?”

“परत कसं? मी तिथं कधी राहिलोच नाही.”

मी म्हटलं, “तिकडे आता आंबे येतील. जीव रमेल तुझा, इन्शाल्ला.” त्यानं मान हलवली. चांगला मुलगा, माझं मन राखलं.

वर्ष संपायला थोडंच राहिलं होतं, म्हणून शाळेनं त्याला उरलेलं काम ऑनलाइन पूर्ण करायची परवानगी दिली. शेवटचा निबंध असा होता, की तुम्ही त्या जहाजातून उतरलेले आहात असं समजा आणि नव्या जमिनीवरच्या पहिल्या महिन्याची डायरी लिहा. सोळा मुलांनी वर्गात लिहिला. अरहानचा मेलवर आला. मी प्रिंट काढून गठ्ठ्यात घातला.

आमच्याकडे पेपर हेडकडून पुन्हा तपासून घ्यायचे असतात, नावं झाकून. गठ्ठा मिस्टर कॉलिनकडे गेला.

दुसऱ्या दिवशी माझा फ्री पीरियड होता. मिस्टर कॉलिन स्टाफरूममध्ये आले. हातात एक कागद, चष्मा कपाळावर.

“नसीमा, तुझ्या गठ्ठ्यात एक खरा जुना उतारा मिसळलाय. कुणीतरी पोरानं कुठून तरी उचललाय, निबंध म्हणून दिलाय. सापडलं पाहिजे कोण ते. पण हे ऐक.”

आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. इंग्लिशमध्ये होतं, मी माझ्या मराठीत सांगते.

“चौथा दिवस. इथं झाडं इतकी दाटून उभी आहेत, की सूर्य कुठे आहे ते कळत नाही. इथल्या लोकांची भाषा मला समजते, पण मी बोललो की ते हसतात, म्हणून मी बोलणं कमी केलंय.

“नववा दिवस. आईनं अजून सामान उघडलेलं नाही. ती विहिरीवर जाते, पाण्याकडे बघते आणि तशीच परत येते.

“सोळावा दिवस. वडील रोज सकाळी चांगले कपडे घालून दाराशी उभे राहतात. येणारे-जाणारे विचारतात, किती दिवस आहात? वडील म्हणतात, थोडेच. जहाज आम्हाला सोडून परत गेलंय, हे आम्ही कुणाला सांगितलेलं नाही.

“सव्विसावा दिवस. आज एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, तू कुणाचा? मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यानं विचारलं, ते कुणाचे? मी आजोबांचं सांगितलं. तेव्हा त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, मग तू इथलाच. मी घरी आलो आणि दार लावून घेतलं.”

मिस्टर कॉलिननी वाचणं थांबवलं.

“तीस वर्षं मी हे शिकवतोय,” ते म्हणाले. “असं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. कुठून आणलं पोरानं, देव जाणे. कोण आहे हा माणूस?”

“पारकर,” मी म्हणाले.

“पारकर.” त्यांनी पेन्सिलीनं कडेला लिहून घेतलं. “आणि वस्ती कुठली?”

“रत्नागिरी.”

“रत्नागिरी,” ते स्वतःशी म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर ओढून भिंतीवरच्या नकाशाजवळ गेले आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावरून बोट फिरवत शोधायला लागले. वरून खाली. मग पुन्हा, खालून वर.